तिसरी ओळ

त्या रविवारी पाळकसाहेबांची प्रार्थना संपली आणि नीला रणनवरेनं आमेन म्हटलं नाही. उलट डोळे उघडे ठेवून, सगळ्यांसमोर, ती म्हणाली, "मला हे मंजूर नाही."

असं काही घडलं नाही. त्या दिवशी घरात असलेल्या सहाही जणांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारा, सगळे हेच सांगतील. फार दाब दिला तर समोसे गार होते, एवढं कबूल करतील. तेव्हा आपणही ते घडलेलं नाही असं धरून पहिल्यापासून सुरू करू.

पहिल्यापासून म्हणजे लिफ्टपासून.

पावणेचारला अनय चटणी आणायला निघाला. समोसे आले होते, चटणी दुकानातच राहिली होती, आणि मोठे पप्पा चटणीशिवाय समोसा खात नाहीत ही गोष्ट रणनवरे घराण्यात जवळजवळ धर्मतत्त्वासारखी पाळली जाते. त्यानं पाचव्या मजल्यावर बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं. आत माणूस नव्हता. आत काळा ग्रॅनाइट उभा होता. तीन फुटांचा, सुतळीनं आवळलेला, वर एक जुनी चादर, आणि चादर एका बाजूनं घसरलेली. घसरलेल्या बाजूला सोनेरी अक्षरं होती: गंधाली विद्याधर रणनवरे.

अनय चोवीस वर्षांचा. त्याची बहीण जाऊन चौदा महिने झाले होते. आज ती एकवीस वर्षांची झाली असती आणि त्यासाठीच चार वाजता घरी प्रार्थना ठेवली होती. या चौदा महिन्यांत कुणी तिचं नाव काढलं, कुणी रडलं, कुणी फोटो मागितला तर आपण कसा चेहरा करायचा याची अनयनं बऱ्यापैकी तयारी केली होती. ती लिफ्टनं येईल याची तयारी नव्हती.

दार बंद व्हायला लागलं. त्यानं पाय घातला. लिफ्ट केकाटायला लागली.

"मम्मी," तो घराकडे तोंड करून ओरडला, "लिफ्टमध्ये दगड आहे!"

"कसला दगड?" नीलानं आतून विचारलं.

"आपला."

तेवढ्यात जिन्यानं धापा टाकत धम्मपाल वर आला. भांडुपला त्याचं दगड कोरायचं दुकान होतं. "सॉरी हां," तो कठड्याला धरून म्हणाला, "लिफ्ट वजनाला वाजत होती. एक गडी उतरवला, तरी वाजते. दुसरा उतरवला, तरी वाजते. मग मीपण उतरलो. म्हटलं, जाऊ दे एकटा, मजला तर दाबलाय."

"पण इथं कशाला आणलात?"

धम्मपालनं खिशातून कागद काढला. "पाचशे तीन. मुलुंड पूर्व. हेच ना?"

हेच होतं. अक्षर चंद्रप्रकाशांचं होतं.

चंद्रप्रकाश म्हणजे मोठे पप्पा, अनयच्या वडिलांचे, म्हणजे विद्याधरचे, थोरले भाऊ, वय एकाहत्तर, चर्चच्या मंडळीच्या कबरस्थान समितीचे एकोणीस वर्षं अध्यक्ष. समितीच्या फॉर्मवर चार रकाने असतात: नाव, जन्म, मृत्यू आणि मयताचा पत्ता. दगडवाल्याच्या कागदावर चौथ्या रकान्यात स्वच्छ छापलं होतं, 'माल कुठे पोचवायचा'. चंद्रप्रकाशांनी ते वाचलं नव्हतं. रकाना चौथा होता, एवढं त्यांच्या हाताला पुरेसं होतं. हातानं सवयीप्रमाणे मुलीला तिच्या घरी पाठवून दिलं.

दगड आत घ्यावाच लागला, कारण तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी लिफ्टच्या नावानं ओरडत होतं. दोन गडी, धम्मपाल आणि अनय यांनी मिळून तो हॉलमध्ये आणला आणि टीव्हीशेजारी भिंतीला टेकवला. चंद्रप्रकाशांच्या बायकोनं, अनुपमानं, टीपॉयवरचा केक घाईनं बाजूला घेतला. वाढदिवसाच्या प्रार्थनेला केक न्यावा की नाही हे तिला कळलं नव्हतं, म्हणून तिनं नेला होता. दुकानात नाव काय घालू विचारल्यावर काही नको म्हणाली होती.

मग चादर पूर्ण गळून पडली आणि सगळ्यांनी तिसरी ओळ वाचली.

रणनवरेंच्या प्रत्येक दगडावर तीन ओळी असतात. पहिलीत नाव, दुसरीत तारखा, तिसरीत 'प्रभूच्या इच्छेने'. ही पद्धत अनयच्या आजोबांनी पाडली आणि समितीचे पहिले अध्यक्षही तेच असल्यामुळे तिचा नियम करून टाकला. भांडुपच्या त्या कबरस्थानात आज दीडशेच्या वर माणसं प्रभूच्या इच्छेनं झोपलेली आहेत. त्यात एक जण आंबे काढताना झाडावरून पडला होता आणि झाड शेजाऱ्याचं होतं.

"भाऊजी," नीला म्हणाली, "तिसऱ्या ओळीचं आज बोलायचं ठरलं होतं."

"बोलू ना. पाळकसाहेब येऊ देत."

"बोलायचं काय आता? सोनेरी रंगसुद्धा भरलाय."

"नीला, हा घराण्याचा नियम आहे. मी माझ्या मनानं..."

"टँकरवाल्याच्या वकिलानं कोर्टात काय दिलंय ते ऐकलंत तुम्ही?"

चंद्रप्रकाशांनी ऐकलं होतं. पण नीला आता थांबणार नव्हती. तिनं शोकेसच्या खणातून कागद काढले. ते इतक्या वेळा उघडले होते की घडीवर फाटायला आले होते.

"दिंडोशीच्या कोर्टात. मागच्या महिन्यात. 'ब्रेक अचानक निकामी होणे ही ईश्वरी इच्छा असून त्यात मालकाचा दोष नाही.' आता सांगा, भाऊजी, तुम्ही आणि तो वकील एका शाळेत होतात का?"

"तो वेगळ्या अर्थानं म्हणतोय."

"दगडावर अर्थ कुठे कोरलाय? मला दोनच शब्द दिसतायत."

"अगं, पण..."

"टँकर उलट्या बाजूनं तिच्या अंगावर आला. आठ महिने त्याचे ब्रेक कुणी बघितले नव्हते. पाणी चाललं होतं एका टॉवरच्या स्विमिंग पूलला. यातलं नेमकं काय प्रभूच्या इच्छेनं झालं? पूल?"

अनयला हसू आलं. ते येऊ नये यासाठी त्यानं खिडकीबाहेर बघितलं, पण खांदे हललेच. नीलानं पाहिलं आणि काही म्हणाली नाही. गंधालीही अशाच वेळी हसायची.

"मी एकट्यानं ठरवलेलं नाही," चंद्रप्रकाश म्हणाले. त्यांचा आवाज समितीच्या बैठकीतला झाला होता. "विद्याला नमुना दाखवला होता. त्यानं मान्य केलंय."

सगळ्यांनी विद्याधरकडे पाहिलं. विद्याधर पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता.

"अहो?" नीला म्हणाली.

"मी अंगठा पाठवला होता."

"कसला अंगठा?"

"मोबाइलवर. दादानं फोटो पाठवला, मी अंगठा पाठवला. मीटिंगमध्ये होतो."

"तुम्ही मुलीच्या कबरीला अंगठा पाठवलात?"

"मी सगळ्यालाच पाठवतो," विद्याधर अगदी हळू म्हणाले.

ते खरं होतं. चौदा महिन्यांत विद्याधरना एक गोष्ट कळली होती: माणसं सांत्वनाला येतात आणि हो म्हटलं की जातात. देवाची योजना असेल. हो. तिला जास्त चांगली जागा मिळाली. हो. वेळ हेच औषध. हो. पोलिस, वकील, मंडळीतले वडीलधारे, ऑफिसातला हेड, सगळ्यांना त्यांनी हो म्हटलं होतं. नाही म्हणायला लागलो तर थांबता येणार नाही, अशी त्यांना भीती होती. आत्ता नीला त्यांच्याकडे बघत होती आणि तिला हो म्हणून भागणार नव्हतं.

दार उघडंच होतं. त्यातून पाळक चैतन्य आत आले. वय एकतीस, या मंडळीत येऊन दीड वर्ष. कुणाच्या घरी गेलं की आधी एखाद्या वस्तूचं कौतुक करावं, असं त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. त्यांची नजर टीव्हीच्या बाजूला गेली.

"छान झालाय," ते म्हणाले, आणि मग त्यांना काय ते कळलं.

बाहेर लिफ्टपाशी टेकून बसलेल्या धम्मपालनं आत डोकावून पाहिलं. पाळकांना दुसरं काही सुचेना. त्यांनी प्रार्थना सुरू केली. सगळे उभे राहिले. हे प्रेमळ पित्या, तुझी योजना आमच्या बुद्धीपलीकडची आहे, तरी ती आम्ही नम्रपणे स्वीकारतो. आमेन.

आमेन, चार जण म्हणाले.

यानंतर जे घडलं नाही ते असं.

"मला हे मंजूर नाही," नीला म्हणाली. "मी काही स्वीकारलेलं नाही. माझ्या वतीनं परस्पर सांगू नका त्याला."

"नीला!" चंद्रप्रकाश.

"बोलू द्या त्यांना," पाळक म्हणाले. ते खाली बसले. "नीलाताई, देवानं माणसाला मोकळं सोडलंय. चांगलं करायला मोकळं, म्हणून वाईट करायलाही. ती मोकळीक काढून घेतली तर आपण बाहुल्या होऊ. मग प्रेमालाही काही अर्थ राहत नाही."

"बरं. टँकरवाल्याची मोकळीक शाबूत राहिली. गंधालीची?"



"सेमिनरीत पाळकाचं शिक्षण घेताना या विषयाचा अख्खा पेपर होता," पाळक म्हणाले. "मला बासष्ट मार्क मिळाले."

"उरलेल्या अडतीसमध्ये काय होतं?"

"बहुतेक हेच."

पाळकांनी चष्मा काढून हातात धरला. आता बोलायचं ते चष्म्याशिवाय बोलायचं, असं काहीतरी त्यांनी ठरवलेलं दिसलं.

"खरं सांगू? मी आत्ता प्रार्थनेत म्हणालो ते घाबरून म्हणालो. देवाला हे हवं होतं असं मला वाटत नाही. येशू मित्राच्या कबरीपाशी रडला. दोन मिनिटांत त्याला जिवंत करून उठवणार होता, ते त्याला माहीत होतं, तरी रडला. स्वतःच्या मनासारखं झालेला माणूस कबरीपाशी रडेल का?"

"मग थांबवलं का नाही?"

"माहीत नाही. थांबवू शकत होता असं मी मानतो, आणि का नाही थांबवलं ते मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की तो वर बसून बघत नव्हता. त्याचाही मुलगा असाच मारला गेला. माणसांनी मारला, आणि कागदोपत्री सगळं व्यवस्थित होतं."



"त्याचा तिसऱ्या दिवशी परत आला, पाळकसाहेब," नीला म्हणाली. "आमचे चौदा महिने झाले."

"हो," पाळक म्हणाले.

ते फक्त हो म्हणाले याबद्दल पुढे अनयला त्यांच्याविषयी कायमचा आदर वाटू लागला.

चंद्रप्रकाश मात्र उठून उभे राहिले होते. एक हात दगडावर होता.

"हे काय चाललंय? त्याच्या इच्छेशिवाय झालं म्हणता? मग काय झालं? त्याच्या हातून निसटलं? तसं कोरू का? 'चुकून'? ज्याच्या हातून पोरं निसटतात अशा देवापुढे मी गुडघे टेकू शकत नाही, नीला. तुला जमत असेल तर तू टेक."

"मी त्याला सोडत नाहीये, भाऊजी. सोडला असता तर भांडायला कोण उरलं असतं? ह्यांच्याशी भांडू?"

विद्याधरनी मान खाली घातली. मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, वर केली. "नको," ते म्हणाले. "दादा, ही ओळ नको. मी अंगठा परत घेतो."

"असा परत घेता येत नाही, विद्या."

"येतो हो, मोठे पप्पा," अनय म्हणाला. "दाबून धरायचा."

"चूप बस तू! विद्या, आपल्या आईच्या दगडावर ही ओळ आहे. बाबांच्या आहे. माझ्या..." चंद्रप्रकाश थांबले.

"आपल्या बाळाच्या आहे," अनुपमा म्हणाली.

अनुपमा रणनवरे कुटुंबाच्या बैठकांत सहसा बोलत नाही. ती ताटं मांडते आणि ताटं उचलते, मधल्या वेळात काय झालं हे तिला घरी जाताना चंद्रप्रकाश सांगतात. तिनं केकचा खोका अजून हातातच धरला होता.

"एकोणीसशे चौऱ्याऐंशी," ती नीलाला म्हणाली, जणू खोलीत दोघीच होत्या. "अकरा दिवसांचा होता. हृदयाला भोक होतं. तिथं टँकर नव्हता गं, वकील नव्हता. रागवायला कुणी माणूसच नव्हता. मी हॉस्पिटलात होते. दीड महिन्यानं कबरस्थानात गेले तेव्हा दगड लागला होता, तीन ओळींचा. मला कुणी विचारलं नाही. तुला निदान लिफ्टनं तरी कळलं."

"अनुपमा, ते आता..." चंद्रप्रकाश म्हणाले.

"दर वर्षी आपण दगड पुसायला जातो. मी पहिल्या दोन ओळी पुसते. तिसरी पुसत नाही. चाळीस वर्षं. शेवाळ आलंय त्या ओळीवर, तुम्ही पाहिलं नाहीत?"

पाहिलं होतं. चंद्रप्रकाशांना वाटायचं, तिची कंबर धरते, खालपर्यंत वाकवत नाही. म्हणून ते दर वर्षी तिच्यासाठी मलम घेऊन जायचे.

ते खुर्चीत बसले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते समितीच्या भाषेत बसत नव्हतं. त्या संध्याकाळी, चौऱ्याऐंशी साली, बाबांनी विचारलं होतं, तिसरी ओळ घालायची ना? आणि ते हो म्हणाले होते, कारण कुणाला तरी ते पोर हवं होतं म्हणून नेलं, असं असेल तर आपण दिलं, असं तरी म्हणता येत होतं. कुणालाच नको होतं आणि तरी गेलं, हे घेऊन घरी कसं जायचं ते त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. अजूनही कळलं नव्हतं.

"ती ओळ काढलीत," ते अखेर म्हणाले, कुणाकडेच न बघता, "तर माझ्याकडे काय राहतं?"

नीला उठली, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. तासाभरात पहिल्यांदा दोघं एका बाजूला होते, आणि समोर दगड होता.

दारातून धम्मपालनं खाकरल्यासारखं केलं. "साहेब, ठेवू का नेऊ? टेम्पो गेटात आडवा उभाय. वॉचमन विचारतोय, कबरीच्या दगडाची एन्ट्री व्हिजिटरमध्ये करू का डिलिव्हरीत."

"तिसरी ओळ काढता येते?" नीलानं विचारलं.

"घासून निघेल. तिथं दगड जरा आत जाईल, हात फिरवला की लागेल. नवीन काय टाकायचं?"

विद्याधर 'लाडकी' म्हणाले आणि स्वतःच मान हलवली. पाळकांनी 'प्रभूच्या हाती' सुचवलं. नीला म्हणाली, ते ती गेल्यानंतरचं झालं, आणि पाळकांना ते पटलं.

"काही नको," ती म्हणाली. "रिकामी ठेवा. कुणाच्या इच्छेनं ते मला माहीत नाही, यांना माहीत नाही, पाळकसाहेबांना अडतीस मार्कांचं माहीत नाही. शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठणार असं तुम्ही शिकवता ना, पाळकसाहेब?"

"शिकवतो. आणि मानतो. तारीख सांगता येत नाही."

"मग ती उठली की तीच लिहील. तोवर तिला सगळं कळलेलं असेल."

चंद्रप्रकाशांनी डोळे मिटले. मग पायाशी ठेवलेली कातडी बॅग उघडून एक छापील कागद काढला. नियमातून सूट मिळण्यासाठीचा अर्ज. असे दोन-तीन ते नेहमी बरोबर ठेवत. एकोणीस वर्षांत एकही वापरला गेला नव्हता.

"नियम सात. तिन्ही ओळी भरणं बंधनकारक आहे," ते म्हणाले. "रिकामी ठेवायची तर अर्ज लागतो. मंजूर होणार नाही. अध्यक्ष मी आहे, मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे, भाऊजी."

"आणि मंजूर करू म्हटलं तरी तुम्ही जे मागताय ते समितीच्या हातात नाही."

"तरी लिहायचा."

"लिहा मग." त्यांनी खिशातलं पेन अनयला दिलं. "आणि 'मागणी' लिहू नकोस. 'विनंती' लिही."

अनुपमानं केक टीपॉयवर ठेवला. "त्यात आमचाही घाल," ती म्हणाली. चंद्रप्रकाशांनी तिच्याकडे पाहिलं आणि नाही म्हटलं नाही.

नीला सांगत गेली, अनय लिहीत गेला, आणि जिथं भाषा घसरली तिथं चंद्रप्रकाशांनी ती दुरुस्त केली.

प्रति,
मा. अध्यक्ष, कबरस्थान समिती, भांडुप.

विषय: नियम क्र. ७ मधून सूट मिळण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की, मयत कु. गंधाली विद्याधर रणनवरे (वय १९) हिच्या दगडावरील तिसरी ओळ रिकामी ठेवण्यास परवानगी मिळावी. सदर ओळीतील मजकुराबाबत घरात एकमत नाही व संबंधितांकडून अद्याप खुलासा प्राप्त झालेला नाही. सबब ती ओळ भरण्याचा अधिकार मयत हिच्याकडेच राखून ठेवावा.

तसेच मयत बाळ चंद्रप्रकाश रणनवरे (वय ११ दिवस) याच्या दगडावरील तिसरी ओळही घासून रिकामी करण्यात यावी. त्यास लिहिता येत नसल्याने त्याची ओळ त्याच्या चुलत बहिणीने त्यास विचारून लिहावी, यास अर्जदारांची हरकत नाही.

तरी पुनरुत्थानाच्या दिवशी समितीने कबरस्थानाचे फाटक पहाटेपासून उघडे ठेवावे, फाटकापाशी एक छिन्नी व एक हातोडी उपलब्ध करून द्यावी, आणि दोन्ही ओळी लिहून पूर्ण होईपर्यंत पुढील कार्यक्रम सुरू करू नये, ही विनंती.